बोंबलातला जिवाणू

मे महिना संपत आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेपाशी गर्दी वाढते. खारे बांगडे, सुकी सुंगटे, बोंबील. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी, म्हणजे आपले पुरुमेत, अजूनही पुष्कळ घरांत इथूनच येते. (हा शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला आणि आपल्या घरात कायमचा राहिला.) डिचोली तालुक्यात दोडामार्गच्या बाजूला असलेल्या लाटंबार्सेसारख्या गावांना समुद्र तसा दूरचाच. रस्ते नीट नव्हते, बर्फ नव्हते, त्या काळात इथल्या माणसाला पावसात समुद्राची मासळी खायची तर ती सुकीच खावी लागे. सुके बोंबील चुलीच्या निखाऱ्यावर भाजायचे, वर खोबरेलाचे दोन थेंब घालायचे आणि पेजेबरोबर तोंडी लावायचे. बाहेर पाऊस कोसळत असावा. आणखी काय हवे?

सुकवण्यामागचे शास्त्र आपल्या आज्यांना ठाऊक होते. पाणी काढून टाकले की कुजणे थांबते. आजचे शास्त्रही तेच सांगते. मासळी कुजवणारे जिवाणू पाण्यावाचून वाढू शकत नाहीत. पण वाढू शकत नाहीत म्हणजे मरतात का? बहुतेक मरतात. काही मात्र मरत नाहीत, नुसते थांबतात. अशा थांबणाऱ्यांपैकी एक, पृथ्वीवरच्या अत्यंत चिवट सजीवांच्या कुळातला, शास्त्रज्ञांना सापडला तो चक्क बोंबलात, आणि तोही मुंबईत. त्याची गोष्ट सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

गोष्टीची सुरुवात मात्र मुंबईत होत नाही. ती होते अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कोर्व्हालिस येथील कृषी प्रयोग केंद्रात. दुसऱ्या महायुद्धानंतर अणूचा शांततेसाठी काय उपयोग करता येईल ह्याचा शोध जगभर चालू होता. कोबाल्टसारख्या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांनी अन्न निर्जंतुक करता येते का, हा त्यातलाच एक प्रश्न. आर्थर अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डबाबंद मांसावर गॅमा किरणांचा जबरदस्त मारा केला. त्यात एकही जीव उरणार नाही अशी अपेक्षा होती. तरीही एक डबा नासला. त्यात लालसर रंगाचे गोलाकार जिवाणू वाढलेले आढळले. १९५६ साली त्यांनी ही हकिगत छापली आणि त्या जिवाणूला नाव दिले 'मायक्रोकॉकस रेडिओड्युरन्स', म्हणजे किरण सोसणारा.

सोसणारा म्हणजे किती सोसणारा? किरणांचा मारा 'ग्रे' ह्या एककात मोजतात. माणसाच्या सर्व शरीरावर एकदम ५ ग्रे एवढा मारा झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर तो बहुधा वाचत नाही. आपल्या आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हा जिवाणू काही शे ग्रेपर्यंत कसाबसा तग धरतो. अँडरसन ह्यांचा जिवाणू ५,००० ग्रे सोसतो आणि जवळजवळ काहीच न झाल्यासारखा पुन्हा वाढू लागतो.

आता मुंबईकडे वळू. ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये सुरू झालेल्या अणुऊर्जा संस्थेला डॉ. होमी भाभांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. वीज आणि अणुभट्ट्या हा ह्या केंद्राचा गाजलेला भाग. त्याच्या आवारात जीवशास्त्रज्ञांचेही एक मोठे घराणे वाढले, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या देशात कांदे-बटाटे कोंब येऊन वाया जातात, धान्याला कीड लागते, आणि उकाड्यात मासळी तर सकाळची संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ह्या नासाडीवर गॅमा किरणांचा इलाज करता येईल का, ह्याचे प्रयोग तिथे साठच्या दशकात सुरू झाले. त्या संशोधनाचे फळ पुढे लासलगावच्या 'कृषक' केंद्राच्या रूपाने दिसले. २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागलेला आपला आंबा ह्याच केंद्रात गॅमा किरणांखालून गेला. (ह्या किरणांनी अन्न स्वतः किरणोत्सारी होत नाही. दिव्याखाली ठेवलेली वाटी जशी दिवा होत नाही, तसेच हे.)

मुंबईच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी मासळी निवडली त्यात बोंबील असणार हे ओघानेच आले. उत्तर महाराष्ट्र आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो उदंड मिळतो. ताज्या बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते, त्यामुळे तो पटकन नासतो. म्हणूनच तर कोळी लोक बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूच्या काठ्यांवर वाळत घालतात. ह्या बोंबलावर किरणांचा मारा केल्यानंतर काय शिल्लक राहते ते तपासताना एन. एफ. लुईस ह्यांना एक जिवाणू सापडला. किरणांना दाद न देणारा, गोलाकार, नारिंगी-लाल रंगाचा. १९७१ साली 'जर्नल ऑफ जनरल मायक्रोबायॉलॉजी' ह्या ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्याचे नामकरण झाले 'मायक्रोकॉकस रेडिओफिलस'.

१९८१ मध्ये ब्रुक्स आणि मरे ह्या शास्त्रज्ञांनी अशा सगळ्या किरणसह जिवाणूंचे एक वेगळे कुळ बांधले. त्याला नाव दिले 'डायनोकॉकस'. ग्रीक भाषेत 'डायनोस' म्हणजे भयंकर किंवा विलक्षण, आणि 'कॉकस' म्हणजे दाणा. ओरेगनच्या मांसातला झाला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स, आणि बोंबलातला डायनोकॉकस रेडिओफिलस. त्या कुळाच्या पहिल्या पाच सदस्यांत आपल्या बोंबलातला हा पाहुणा आहे. जगभरच्या जिवाणूंच्या सूचीत त्याच्या नावापुढे आजही मूळ सापडल्याची जागा म्हणून बोंबलाचीच नोंद असते.

पण हे नाव थोडे फसवे आहे. 'रेडिओफिलस' म्हणजे किरणांवर प्रेम करणारा. ह्या जिवाणूचे किरणांवर काहीच प्रेम नाही. किरण त्याला इजा करतात, इतर कुठल्याही जिवाला करतात तेवढीच. मग तो वाचतो कसा? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, हे कौशल्य त्याने कुठे कमावले?

ह्या दुसऱ्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना चाळीस वर्षे झुलवले. आपल्या भोवतालच्या जमिनीतून, खडकांतून आणि आकाशातून येणारा नैसर्गिक किरणोत्सार फार थोडा असतो. सर्वसाधारण ठिकाणी तो वर्षाला ग्रेच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट भरतो. ह्या हिशोबाने ५,००० ग्रे साठायला सुमारे वीस लाख वर्षे लागतील. जो शत्रू पृथ्वीवर कधी आलाच नाही त्याच्याशी लढायची तयारी कुणी कशाला करील? म्हणून काहींनी अशी कल्पना लढवली की हे जीव मुळात पृथ्वीवरचे नसावेतच, मंगळावरून उल्केच्या पाठीवर बसून ते इथे आले असावेत. वर्तमानपत्रांना अशी कल्पना आवडते. उत्तर मात्र आपल्या वाळवणाच्या काठीवर लटकलेले होते.

१९९६ साली अमेरिकेतल्या लुईझियाना राज्य विद्यापीठात व्हॅलरी मॅटिमोर आणि जॉन बॅटिस्टा ह्यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांच्याकडे डायनोकॉकसचे असे चाळीसएक बिघडलेले वाण होते, की ज्यांची किरण सोसण्याची ताकद नष्ट झाली होती. त्यांनी हे सगळे वाण कोरडे करून ठेवले. मूळचा धडधाकट जिवाणू कोरडेपणात आठवडेच्या आठवडे तगला. किरणांपुढे हरणारे वाण मात्र कोरडेपणापुढेही हरले. ज्याला किरण सोसत नव्हते, त्याला सुकणेही सोसत नव्हते. सुकल्याने पेशीच्या आतल्या डीएनएचे तुकडे होतात, हेही त्यांनी दाखवून दिले. किरणांनी होतात तसेच तुकडे.

म्हणजे ह्या जिवाने तयारी केली होती ती सुकण्याची. किरण सोसण्याचे सामर्थ्य त्याला फुकट मिळाले. पृथ्वीवर किरणांचा भडिमार कधी झाला नसेल, पण ऊन तर रोज पडते, डबकी आटतात, माती तडकते, मासळी वाळते. लाटंबार्सेच्या सड्यावर उभे राहिले की हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. जानेवारीनंतर जांभ्या दगडावरची तोळाभर माती भाजून निघते. एप्रिलमध्ये दुपारी अनवाणी पाऊल टाकवत नाही. आणि जूनमध्ये पहिल्या दोन सरी कोसळल्या की त्याच काळ्या पडलेल्या दगडावर चार-आठ दिवसांत हिरवी साय धरते. ती कुठून येते? वाऱ्याबरोबर थोडी येते, पण बरीचशी तिथेच असते. सुकून, मोडून, वाट पाहत बसलेली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तुटलेले डीएनए जोडतात कसे?

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. ह्या पोथीला समोरासमोर दोन ओळी असतात. एका ओळीत एक अक्षर असले की समोरच्या ओळीत त्याचे ठरलेले जोडीदार अक्षर असते. त्यामुळे एक ओळ हरवली तरी दुसरीवरून ती पुन्हा लिहिता येते. जिवाणू दुभंगून एकाचे दोन होतात तेव्हा हेच घडते. दोन्ही ओळी सुट्या होतात आणि प्रत्येकीसमोर नवी ओळ लिहिली जाते. ई. कोलायमध्ये हे लिखाण सेकंदाला सुमारे एक हजार अक्षरांच्या वेगाने चालते. सेहेचाळीस लाख अक्षरांची त्याची पोथी चाळीसएक मिनिटांत उतरून होते. लिहिणाऱ्या प्रथिनाला डीएनए पॉलिमरेज म्हणतात.

एकच ओळ खराब झाली तर डागडुजी सोपी असते. अवघड असते ती दोन्ही ओळी एकाच जागी तुटल्या तर. ई. कोलाय अशा मोजक्या तुटी सांधू शकतो. ५,००० ग्रेच्या माऱ्यानंतर डायनोकॉकसच्या पोथीत अशा शे-दोनशे तुटी असतात. सबंध पोथीचा चुरा झालेला असतो. ही पोथीही काही लहान नाही. १९९९ साली तिचे संपूर्ण वाचन झाले तेव्हा ती सुमारे तेहेतीस लाख अक्षरांची निघाली. त्या वेळी सगळ्यांची अपेक्षा होती की डागडुजीची काहीतरी अजब, इतर कुणाकडे नसलेली हत्यारे तिच्यात सापडतील. तसे फारसे काही सापडले नाही. बहुतेक हत्यारे ई. कोलायच्या पेटीत असतात तीच होती. एकाच दुकानातला करवत-रंधा घेऊन एक सुतार साधे स्टूल करतो आणि दुसरा देवळाचे कोरीव खांब उभे करतो, तसा हा प्रकार.

मग फरक कशात? इथे आपल्याकडचा एक दाखला देतो. गावच्या मंडळाच्या भजनाच्या वहीच्या चार नकला आहेत असे समजा, आणि चारही नकलांना वाळवी लागली. पण वाळवी चारही वह्यांत एकाच जागी लागत नाही. एकीत पहिला अभंग अर्धा उरतो, दुसरीत त्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात उरते. एखादा चिकाटीचा माणूस तुकडे पसरून बसतो. एका तुकड्याच्या टोकाशी जी ओळ आहे तीच ओळ दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर सापडली, की त्या दुसऱ्यावरून तो पहिल्याची पुढची ओळ लिहून काढतो. मग ती वाढलेली ओळ घेऊन तिसरा तुकडा शोधतो. अशी लांब लांब पाने तयार झाली की शेवटी पाने एकमेकांना शिवायची.

डायनोकॉकसच्या पेशीत त्याच्या पोथीच्या एकाच वेळी चार ते दहा नकला असतात. आणि त्याची दुरुस्ती थेट अशीच चालते. हे २००६ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या मिरोस्लाव्ह राडमन ह्यांच्या गटाने 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले. ७,००० ग्रेच्या माऱ्यानंतर चुरा झालेले डीएनए तीन-चार तासांत पुन्हा सबंध झाले होते. तुकड्यांची टोके कुरतडून एकेरी केली जातात. ती एकेरी टोके दुसऱ्या तुकड्यावरचा आपला मजकूर हुडकतात आणि त्यावरून पुढे लिहीत जातात. लांबलेल्या ओळी आपल्या जोडीदार ओळींना चिकटतात. मग 'रेक-ए' नावाचे प्रथिन मोठमोठे तुकडे सांधून पोथी पूर्ण करते. ह्या सबंध कामात लिखाण आणि शिवण वेगळे काढता येत नाही. एरवी पोथीची नक्कल करणारा पॉलिमरेजच इथे दुरुस्तीला बसतो. पाठ्यपुस्तकात 'प्रतिकृती' आणि 'दुरुस्ती' असे दोन स्वतंत्र धडे असतात. ह्या जिवाच्या पेशीत ते एकच काम आहे.

पण तुकडे जोडणारा माणूसच जायबंदी झाला तर? किरण प्रथिनांनाही इजा करतात. मायकेल डेली ह्यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की डायनोकॉकसच्या पेशीत मँगनीजचे प्रमाण लोहाच्या मानाने बरेच जास्त असते. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले की मँगनीजचे संयुग प्रथिनांची ढाल बनते. म्हणजे हा जिवाणू पोथीला तुटू देतो, पण पोथी शिवणाऱ्याला सांभाळतो. शिवाय दुरुस्ती पुरी होईपर्यंत तो दुभंगत नाही. तुटकी पोथी पुढच्या पिढीच्या हाती द्यायची नाही, हा त्याचा नियम.

ही सगळी कहाणी चालू असताना ट्रॉम्बे स्वस्थ बसले नव्हते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेण्वीय जीवशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. श्रीकुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनोकॉकसला कामाला लावले. अणुभट्टीशी संबंधित उद्योगांतून युरेनियम मिसळलेले सांडपाणी निघते. त्यातले थोडेसे युरेनियम वेगळे काढणे कठीण, आणि ते काढायला साधा जिवाणू सोडला तर तो किरणांनीच मरायचा. ह्या गटाने विषमज्वराच्या जिवाणूतला एक जनुक काढून डायनोकॉकसमध्ये बसवला. ह्या जनुकापासून बनणारे प्रथिन फॉस्फेट मोकळे करते आणि त्या फॉस्फेटबरोबर युरेनियम साका होऊन तळाला बसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ह्या वाणाने द्रावणातले नव्वद टक्क्यांहून जास्त युरेनियम सहा तासांत खाली बसवले, आणि ६,००० ग्रेचा मारा खाल्ल्यावरही त्याची ही क्षमता टिकून राहिली. विषमज्वराचा जनुक, मांसाच्या डब्यातला जिवाणू आणि ट्रॉम्बेची प्रयोगशाळा, असा हा त्रिवेणी संगम.

त्याच केंद्रातील डॉ. हरी मिश्रा ह्यांच्या गटाने वेगळाच प्रश्न धरला. पोथी तुटली ही बातमी पेशीला कळते कशी? ई. कोलायमध्ये त्यासाठी धोक्याची घंटा असते, तिला 'एसओएस' म्हणतात. डायनोकॉकसमध्ये ही घंटा त्या रीतीने वाजत नाही. २०१० मध्ये ह्या गटाने डायनोकॉकसच्या पेशीच्या आवरणातले एक प्रथिन शोधले. डीएनएला इजा झाली की ते वाढते, आणि ते काढून टाकले की जिवाणूची किरण सोसण्याची आणि तुटी सांधण्याची ताकद कमी होते. बातमी पोचवणाऱ्यांपैकी तो एक.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते आपटे ह्यांच्या गटाचे आणखी एक काम, कारण ते थेट आपल्या भातशेतीत येऊन पोचते. भाताच्या खाचरात पाण्यावर निळसर-हिरवे शेवाळासारखे जे वाढते त्यात 'ॲनाबीना' नावाचा जिवाणू असतो. तो हवेतला नत्र धरून शेताला देतो, म्हणजे फुकटचे खत. ह्या गटाने २०१० मध्ये दाखवले की ॲनाबीनाचे काही वाण ५,००० ग्रेपर्यंत किरण सोसूनही नेहमीसारखे वाढतात आणि नत्र धरत राहतात. ६,००० ग्रेला त्यांच्याही पोथीचा चुरा होतो, आणि तेही ती पुन्हा जोडतात. इथेही कारण शोधायला आकाशात जावे लागत नाही. सरद शेती कापून झाली, वायंगणाला पाणी नसले, की खाचर तडकते. पुढल्या जूनपर्यंत त्या भेगाळलेल्या मातीत टिकून राहायचे तर ही विद्या हवीच.

आता कुणी विचारील, जिवाणू तुटले काय आणि जुळले काय, आपल्याला त्याचे काय? ह्याचे उत्तर घराघरात आहे. 'रेक-ए' प्रथिनाचा भाऊ शोभावा असे 'रॅड-५१' नावाचे प्रथिन माणसाच्या प्रत्येक पेशीत असते आणि तेही तुटलेले डीएनएच सांधते. त्याला योग्य जागी नेऊन बसवण्याचे काम 'बीआरसीए-२' नावाचे प्रथिन करते. ज्या घराण्यांत ह्या बीआरसीए-२ चा जनुक बिघडलेला असतो, त्या घराण्यांतल्या स्त्रियांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग जास्त आढळतो. म्हणजे आजार होतो तो शिवणारा हात मिळत नाही म्हणून. तुटी तर आपल्या सर्वांच्याच पेशींत रोज होतात. २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार ह्यांना डीएनएच्या दुरुस्तीवरील संशोधनासाठी मिळाले, आणि त्या संशोधनाचा बराच मोठा पाया ई. कोलायसारख्या जिवाणूंवरच रचला गेला होता.

आपण चिवट माणसाचे वर्णन करताना 'तो मोडत नाही' असे म्हणतो. डायनोकॉकस मोडतो. पुरता मोडतो. त्याचे वेगळेपण एवढेच की त्याने आपल्या पोथीच्या चार नकला ठेवल्या आहेत, शिवणाऱ्याला जपले आहे, आणि काम पुरे झाल्यावाचून तो पुढे जात नाही. २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की सुकवलेल्या डायनोकॉकसचे अर्ध्या मिलिमीटरचे थर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर तीन वर्षे ठेवले, तरी त्यातले जिवाणू जिवंत परत आले. सुकण्याची विद्या शिकलेला अवकाशातही टिकला.

जाता जाता एक विनंती, विशेषतः आपल्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांना. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातल्या मातीवर शास्त्रज्ञांनी किरणांचा मारा केला. त्यातल्या मातीच्या एकाच नमुन्यातून त्यांना डायनोकॉकसच्या नऊ नव्या जाती मिळाल्या. डिचोली-पेडण्याचे सडे म्हणजे वाळवंट नव्हे, पण वर्षातले पाच महिने तिथली माती वाळवंटासारखी भाजते आणि पुढचे चार महिने पाण्याखाली राहते. अशा मातीत काय काय थांबून बसले असेल ते पाहायला अणुभट्टी लागत नाही. थोडी सड्यावरची माती, ओलावा शोषून घेणाऱ्या रसायनाची एक बरणी आणि दोन-तीन महिन्यांचा धीर एवढे पुरे. माती बरणीत कोरडी ठेवायची आणि नंतर तिच्यात काय उगवते ते बघायचे. डिचोली तालुक्यात खाणींसाठी किती डोंगर उघडे झाले ते आपण पाहिले आहे. खनिज काढताना सर्वांत आधी उचलला जातो तो हाच वरचा तोळाभर थर, आणि त्याला आपल्याकडे नुसती 'माती' म्हणतात. ती उचलण्याआधी कुणीतरी तिच्यात डोकावून पाहिले पाहिजे. बोंबलात डोकावून पाहिले नसते तर त्यातला जिवाणूही कुणाला दिसला नसता.

राहता राहिला प्रश्न आपल्या पुरुमेताचा. हा लेख वाचून कुणी सुक्या बोंबलाकडे संशयाने पाहू नये. डायनोकॉकस माणसाला कोणताही आजार देत नाही. शिवाय किरण सोसणारा, सुकणे सोसणारा हा बहाद्दर उष्णतेपुढे मात्र अगदी साधा जीव आहे. निखाऱ्यावर तो टिकत नाही. तेव्हा बोंबील नेहमीसारखे भाजावेत आणि पेज गरम असतानाच बसावे.